जेवणानंतर एक गोळी

३ मार्च, मंगळवार

गोळी दुप्पट केली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली, मी पर्समध्ये टाकली, भाचीनं खिडकीबाहेर पाहिलं. पाच महिने ही गोळी चालू आहे. एवढ्या काळात तिनं एकाच माणसाच्या मनाला उभारी दिली — माझ्या दादाच्या. म्हणजे भाचीच्या बापाच्या. तो रोज सकाळी फोन करतो, 'गोळी चालू आहे ना?' विचारतो, 'हो' ऐकतो आणि दिवसभर निवांत असतो. दुष्परिणाम शून्य.

आजाराचं नाव ॲनोरेक्सिया. वहिनी म्हणते 'जेवत नाही'. दादा आधी 'नखरे' म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून पोरीच्या हृदयाचा आलेख दाखवला, तेव्हापासून 'त्रास' म्हणतो. पोरगी एकवीस वर्षांची, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातून सुट्टी काढून जानेवारीपासून आमच्याकडे आहे, कारण तिकडे प्रत्येक जेवणाचं कोर्ट व्हायचं. कोर्ट इथंही भरतं. पण इथं निदान ओरडाआरडा नसतो.

वजनाचा आकडा ह्या वहीत लिहायचा नाही असं ठरवलंय. घरातला काटा ह्यांच्या ऑफिसात नेऊन ठेवलाय. डॉक्टरीणबाईंनी आज कागदावर एक रेघ मारली. मे अखेरपर्यंत तिथवर पोचली तर घरी राहायचं. नाही पोचली तर रुग्णालयात भरती, आणि मग नळीनं अन्न. 'नळी' हा शब्द त्या हळू बोलल्या. बरोबर तेवढाच तिला ऐकू गेला.

५ मार्च, गुरुवार

ऑफिसात दिवसभर एका वाक्याशी मारामारी.

मी औषधाच्या खोक्यातली पत्रकं लिहिते. ती — पातळ कागदाची, असंख्य घड्यांची, एकदा बाहेर काढली की पुन्हा आत न जाणारी. सव्वीस वर्षं लिहितेय. माझ्याइतका खप कुठल्या लेखकाचा नसेल, आणि माझ्याइतकं न वाचलेलंही कुणी नसेल.

साहेबांना 'क्वचित प्रसंगी मृत्यू' हे जरा सौम्य करून हवं होतं. म्हटलं, साहेब, कसं करू? 'अजिबात बरं न वाटणे' असं लिहू? त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला.

९ मार्च, सोमवार

आहारतज्ज्ञबाईंचे नियम फ्रिजवर चिकटवलेत. तीन जेवणं, मध्ये तीन खाणी. ताटाकडे टक लावायची नाही. 'छान जेवलीस' म्हणायचं नाही, कारण ते तिला शिवीसारखं लागतं. जेवताना जेवणाविषयी बोलायचं नाही.

मग बोलायचं काय? आमच्या घरात तीस वर्षं दुसरा विषय झालेला नाही.

हे धावून आले. जमिनी मोजणं हा ह्यांचा धंदा. हे टेबलावर बसून मोजणीच्या गोष्टी सांगतात — कुठला दगड कुठून कुठं सरकला, कुणाच्या आजोबांनी सरकवला, नकाशात काय, जागेवर काय. इतक्या रटाळ, इतक्या सविस्तर की ऐकणाऱ्याला सुटकेचा एकच मार्ग दिसतो: ताट संपवून उठणं. मी स्वतः आजकाल चटचट जेवते. भाचीनं आज पाऊण वाटी भात, अंडं आणि दही संपवलं आणि म्हणाली, 'काका, उरलेला बांध उद्या.'

आहारतज्ज्ञबाईंना ही पद्धत सांगायला हवी.

१४ मार्च, शनिवार

केळं अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर चाळीस मिनिटं युक्तिवाद. मी तिला वकीलबाई म्हणायला लागलेय. तिनं हरकत नोंदवलेली नाही.

१७ मार्च, मंगळवार

चिकटपट्टी शोधायला तिचा खण उघडला. खणात गोळ्या.

लपवलेल्या नव्हत्या. पाकिटांची चवड, रबर बँड लावलेली, प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं तारखा. ऑक्टोबरपासूनच्या. मधूनमधून एखादी गोळी काढलेली. बाकी सगळ्या आपापल्या घरात गुपचूप बसलेल्या. गोळ्या एवढ्या मोठ्या पोरीच्या हातात दिल्या होत्या — शिकलेली आहे, समंजस आहे, वगैरे. 'घेतलीस का' असं विचारणं तिकडे वहिनीला अपमान वाटला आणि इकडे मला.

ती दारात येऊन उभी राहिली.

'ह्या काय आहेत?'

'गोळ्या.'

'ते दिसतंय. त्यांच्यावरच पोट भरतं माझं. खणात का आहेत?'

'पत्रकात लिहिलंय ना — जेवणानंतर घ्यावी.'

'मग?'

'मग ज्या दिवशी जेवले नाही, त्या दिवशी कशी घेऊ?'

'अगं, पण तू काहीतरी खात होतीस की. सूप, पाव, दूध—'

'तूच म्हणालीस, नुसतं सूप म्हणजे काय जेवण झालं का? दोनदा म्हणालीस. आई तर रोज म्हणायची.'

मी तिच्या पलंगावर बसले. टोमणा मी मारला, आणि पोरीनं तो कायद्याची व्याख्या म्हणून घेतला. आमच्याच खानदानात हे होऊ शकतं.

'आणि पत्रकात वजन वाढण्याचं आहे,' ती म्हणाली. 'दुष्परिणामांत, अकरावा. म्हणून मला तशी घाईही नव्हती.'

हे ती स्वतःहून बोलली. मान्य करायला हवं.

'ते पत्रक मी लिहिलंय,' मी म्हटलं.

'माहितेय. सोपं लिहिलंयस. लगेच समजलं.'

सव्वीस वर्षांत माझं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं माणूस भेटलं. ते हे.

१८ मार्च, बुधवार

कालचं अजून डोक्यात. 'जेवणानंतर घ्यावी' — पोटात मळमळू नये म्हणून घातलेले दोन शब्द. पत्रक छापण्याआधी आम्ही वाचक-चाचणी घेतो. दहा साधी माणसं बोलवायची, पत्रक हातात द्यायचं आणि प्रश्न विचारायचे: गोळी कधी घ्याल? विसरलात तर काय कराल? हे वाक्य दहापैकी दहांना समजलं होतं. चाचणी दुपारी अडीचला, आमच्या कँटीनमध्ये. दहाही जणांना आम्हीच आधी जेवू घातलं होतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंकडे. गोळ्यांची चवड टेबलावर ठेवली. मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

'म्हणजे न घेतलेल्या गोळीचा डोस मी दुप्पट केला,' त्या म्हणाल्या. 'मी दर वेळी विचारलं, गोळी चालू आहे का. चालू होतीच, कागदावर.' मग भाचीला: 'तुला मी विचारायला हवं होतं. आईबाबांना नाही, आत्याला नाही.'

मी अपराध्यासारखी म्हटलं, 'घेतल्या असत्या तर एव्हाना बरी झाली असती ना हो?'

'बहुतेक नाही.'

मला ते उत्तर नको होतं. दोष माझ्या वाक्याचा असता तर बरं होतं. वाक्य दुरुस्त करता येतं.

मग त्यांनी खोलीतलं हात धुवायचं बेसिन दाखवलं. म्हणाल्या, ही गोळी म्हणजे ह्या बेसिनचं बूच. मन ताळ्यावर ठेवणारं एक रसायन मेंदूत असतं, ते वापरून झालं की ओढून परत घेतलं जातं. गोळी ते ओढून घेणं अडवते. आहे ते बेसिनमध्ये राहू देते. पण बूच लावल्यानं बेसिन भरत नाही. वरून नळ सोडावा लागतो. ते रसायन ज्यापासून बनतं तो कच्चा माल शरीर स्वतः तयार करत नाही, तो अन्नातूनच येतो. महिनोन् महिने उपाशी माणसाच्या बेसिनमध्ये तळाला चार थेंब. त्यावर बूच लावा, दुप्पट जाड बूच लावा.

'एवढंच कारण?' भाचीनं विचारलं. तिला कारणं आवडतात.

'एवढंच असतं तर मी शांत झोपले असते. उपाशी शरीरात सगळंच बदलतं. पोट हळू रिकामं होतं, अंगावर चरबी नाही, रक्तातली प्रथिनं कमी. गोळी कुठं किती पोचेल ते नेहमीसारखं सांगता येत नाही. पाळी बंद, म्हणजे तिच्या संप्रेरकांकडून मेंदूला मिळणारी मदत बंद. मेंदू स्वतःही थोडा आक्रसतो. जेवण सुरू झालं की बराचसा भरून येतो. आणि ज्याला वाटतं आपल्याला काही झालेलंच नाही, तो गोळी मनापासून घेईल कशाला?' मग पेन खाली ठेवून: 'बरंचसं आम्हालाही नीट माहीत नाही. हे मी पेशंटना सहसा सांगत नाही.'

'मला सांगितलंत,' भाची म्हणाली.

'तू पत्रक वाचतेस.'

गोळी सध्या बंद. औषध एकच: जेवण, दिवसातून सहा वेळा. मे अखेरची रेघ जागच्या जागी.

२० मार्च, शुक्रवार

दादाचा फोन.

'बंद म्हणजे? औषधच बंद? मग उपचार काय चाललाय?'

'जेवण.'

'ते तर आम्ही पण देत होतो!'

'तुम्ही देत होता. आता ती घेते. थोडं थोडं.'

'तुमच्या कंपनीची दुसरी एखादी जोरदार गोळी नाही का? तू एवढी वर्षं आहेस तिथं, कुणाला तरी विचार.'

म्हटलं, दादा, मी तिथं कागद लिहिते, माझ्यासाठी वेगळी गोळी बनवत नाहीत. त्यानं रागानं फोन वहिनीला दिला. वहिनी हळूच म्हणाली, 'तिला रात्री थंडी वाजते का गं अजून?' हिला गोळी दुप्पट की बंद, काही देणंघेणं नाही. हिला पाय गार आहेत का ते हवंय. सांगितलं, वाजते. उद्या मोजे पाठवते म्हणाली.

२७ मार्च, शुक्रवार

मोजे आले. सात जोड. एक माझ्यासाठी, 'रागावू नकोस' अशी चिठ्ठी. कोण रागावलंय?

२ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस ठेवून द्यावा असा.

आमच्या गोळीवरचा छापील अभ्यास घरी आणला होता. सहज टेबलावर ठेवला. 'सहज' हे खोटं. तिच्या खुर्चीसमोर ठेवला. तिनं तो ओढला, पेन्सिल काढली, आणि अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात आली.

'आत्या, ह्यात मी नाही.'

'तू कशी असशील?'

'तसं नाही गं. हे बघ. अभ्यासात कुणाला घेतलं, कुणाला वगळलं. ठरावीक वजनाच्या खालचे सगळे वगळले. म्हणजे गोळी चालते हे कुणावर सिद्ध झालं? जेवणाऱ्यांवर. आणि दिली कुणाला? मला.'

मी नुसतं 'हं' केलं. टोस्टला लोणी लावून तिच्यासमोर सरकवलं. जाणूनबुजून.

'बरं, माझ्यासारख्यांवर वेगळे अभ्यास झालेत, ते शोधले मी. पण किती चिमुकले! आणि त्यातली कितीतरी माणसं अर्ध्यावर सोडून गेली. एवढ्यावर कुणी काही म्हणू शकत नाही. चालते असंही नाही आणि चालत नाही असंही नाही. आमच्या सरांनी हा कागद माझ्या तोंडावर फेकला असता.' बोलता बोलता तिनं टोस्ट उचलला. खाल्ला. हवेत पेन्सिलीनं आलेख काढत दुसरा खाल्ला. मी गॅसकडे तोंड करून उभी. जीभ दातांत धरलेली. माझ्यासारखीनं पाच मिनिटं गप्प राहणं ह्याचाही अभ्यास व्हायला हवा.

ती गेल्यावर ताट पाहिलं. चुरा फक्त.

८ एप्रिल, बुधवार

घसरलो. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर ह्या आठवड्यात उलट्या दिशेनं.

आणि कारण ह्यांना सापडलं, तेही भर शेतात. दोन भाऊ बांधावर एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात. हे मध्ये पडले, फीत काढायला कोटाच्या खिशात हात घातला, आणि बाहेर आला लोणी लावलेला पाव. मग दुसऱ्या खिशातून आणखी एक. भाऊ भांडण विसरले. एकानं विचारलं, 'साहेब, जेवायचं राहिलं का?'

मी ऐकून तापले. म्हटलं, येऊ दे तिला समोर. हे म्हणाले, 'तू आज जरा बाल्कनीत बस.' तीस वर्षांत असं प्रथमच बोलले. बसले.

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी तिच्या ताटात ताजा पाव ठेवला. म्हणाले, 'सकाळचा तुझा राहिला होता. खिशातला वाळला, म्हणून नवा आणला.' एवढंच. पुढे त्या दोन भावांची गोष्ट, तिसऱ्या पिढीपासून. ती रडत रडत ऐकत होती. पाव खायला एक तास लागला. ह्यांच्याकडे तासाभराची गोष्ट होती.

चांगल्या माणसाशी लग्न केलंय मी. कुठं बोलायचं नाही, डोक्यावर बसेल.

१५ एप्रिल, बुधवार

साहेबांपुढे प्रस्ताव ठेवला. पत्रकात एक वाक्य वाढवायचं: 'जेवण झाले नसले तरी गोळी चुकवू नये.'

'जेवण झाले नसले म्हणजे?' साहेब. 'लोक जेवतात.'

'सगळे नाही, साहेब.'

'किती जण नाहीत?'

'एक तर माझ्या घरात आहे.'

साहेब जरा गडबडले. मग म्हणाले, जागा नाही. म्हटलं, वरती 'आमच्या उत्पादनावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार' आहे, ते काढू. विश्वास कुणी दाखवत नाही, डॉक्टर लिहून देतात म्हणून घेतात. साहेब म्हणाले, वरिष्ठांना विचारतो. म्हणजे तीन आठवडे तरी.

२३ एप्रिल, गुरुवार

तिचे हात गरम होते. मीठ देताना माझ्या हाताला लागले. काहीतरी चुकलंय असं वाटून मी दचकले, मग लक्षात आलं. हात असेच असतात माणसांचे.

सकाळी न्हाणीघरात गुणगुणत होती. बेसूर. आमच्या घराण्याची खूण.

रेघ अजून लांब आहे. पण लांब असलेली दिसायला लागलीय.

४ मे, सोमवार

पाळी आली. चौदा महिन्यांनी. मला सांगायला आली तेव्हा चेहरा असा की परीक्षेत नापास झालीय की पहिली आलीय ते समजेना. मी मिठी मारली. ती थोडा वेळ काठीसारखी उभी राहिली. मग नाही.

१२ मे, मंगळवार

दादा-वहिनी दोन दिवस राहून गेले. दादाला मी दारातच बजावलं: ताटाकडे बघायचं नाही, बोलायचं तर दगडांविषयी बोल. बिचारा पहिल्या जेवणाला छताकडे बघत जेवला. पाणी शर्टावर. भाची म्हणाली, 'बाबा, खाली बघितलं तरी चालेल. स्वतःच्या ताटात.' सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

निघताना गाडीपाशी म्हणाला, 'गोळीशिवाय?' म्हटलं, गोळीशिवाय. 'मग मी पाच महिने रोज काय विचारत होतो?' त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे चार टोमणे तयार होते. एकही दिला नाही. मला काय झालंय कळत नाही. चव बदलतेय तोंडाची.

वहिनी ओट्यापाशी बटाटे सोलता सोलता रडली. सुखाचं होतं, असं तिनंच सांगितलं, नाहीतर बटाट्याला कोण रडतं.

२२ मे, शुक्रवार

वाक्य मंजूर! आभार गेले, वाक्य आलं. साहेबांनी 'चुकवू नये' चं 'टाळू नये' केलं, म्हणजे त्यांचाही हात लागला. भाचीला छापायच्या आधीचा कागद दाखवला. तिनं एकदा वाचला, दोनदा वाचला.

'पळवाट राहिली नाही ना, वकीलबाई?'

'राहिली आहे. पण सांगणार नाही.'

३० मे, शनिवार

पोचलो!

डॉक्टरीणबाईंनी कागद काढला, पेनाचं टोक रेघेवर ठेवलं आणि थोडं वर सरकवलं. आकडा बोलल्या नाहीत. भरती रद्द. भाची म्हणाली, 'बरं.' मी बाहेर येऊन जिन्यात ह्यांना फोन केला आणि बोलताच येईना. हे म्हणाले, 'हॅलो? हॅलो? नेटवर्क नाही का?' मी म्हटलं, आहे, सगळं आहे.

संध्याकाळी आइस्क्रीम आणलं. तिनं एक लहान वाटी खाल्ली, माझ्याकडे पाहून हसत. मी ताटाकडे, म्हणजे वाटीकडे, बघितलं नाही. जवळजवळ नाही.

अशा सुखाची सवय नाही मला. काय टोमणा मारावा सुचत नाही, म्हणून झोपते.

४ जून, गुरुवार

सगळं ठीक. लिहिण्यासारखं काही नाही. असं लिहायला मिळावं म्हणूनच वही आणली होती.

७ जून, रविवार

संध्याकाळी दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. माझी बडबड चालली होती — तिनं कॉलेजात परत कधी जावं, कुठल्या बसनं जावं. ती म्हणाली, 'आत्या, थोडी थांबशील?'

थांबले.

'मी जेवते ना, तेव्हा तुझा चेहरा एकदम उजळतो. तो मला पाडवत नाही, म्हणून जेवते. पण आत काही कमी झालेलं नाही. प्रत्येक घासाला आतून तेच ओरडणं. मार्चमध्ये होतं तेवढंच. उलट आता जास्त ऐकू येतं, तेव्हा डोकं बधिर तरी होतं.' उशीच्या अभ्र्याची घडी तिनं मोडली, पुन्हा घातली. 'आइस्क्रीमच्या दिवशी सगळ्यात वाईट होतं. तू एवढी खूश होतीस, कसं सांगणार?'

जानेवारीपासून तिनं आतलं काही आपणहून सांगितलं ते हे पहिल्यांदाच.

ती झोपल्यावर ही वही उलटून वाचली. ताट, ताट, ताट, आणि माझे विनोद.

डॉक्टरीणबाईंना संध्याकाळीच फोन केला होता, उद्या अकराला बोलावलंय. तेव्हाच मी भाचीला विचारलं, त्यांना काय सांगू? म्हणाली, 'तू नको. मी सांगते. तू बाहेर थांब.'

गोळीचं काय ते त्या दोघी ठरवतील. मी दाराबाहेर बाकावर बसणार आहे, आणि ती आली की काही विचारणार नाही.